‘वाट नाही’ म्हणणारी शिडी

पुण्याजवळच्या लवळ्याच्या टेकडीवर आता इतकी कॉलेजं झाली आहेत की रिक्षावाल्याला नुसतं ‘कॉलेजला सोड’ म्हटलं तर तो कपाळाला हात लावतो. त्यांतल्याच एका अभियांत्रिकी कॉलेजात, संगणकाच्या प्रयोगशाळेत, माझी सगळी नोकरी झाली. या उन्हाळ्यात निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात मी किती पिढ्या घडवल्या याची बरीच भाषणं झाली. ऐकायला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण पिढ्या घडल्या त्या आपापल्या मेहनतीवर आणि कँटीनच्या चहावर. मी स्वतःच्या हाताने घडवली अशी एकच गोष्ट आहे आणि तिच्याबद्दल कोणी विचारलं की माझी मान अजूनही ताठ होते. तिचं नाव शिडी.

शिडी हा एक छोटा प्रोग्राम आहे. तो एक शब्दखेळ सोडवतो. खेळ असा, की एका शब्दापासून निघायचं आणि दुसऱ्या शब्दापर्यंत पोचायचं. एका वेळी एकच अक्षर बदलायचं आणि मधली प्रत्येक पायरी म्हणजे खराखुरा शब्द पाहिजे. काना, मात्रा, वेलांटी ही अक्षराच्या अंगावरचीच धरायची, वेगळी मोजायची नाही. उदाहरणार्थ ‘ऊस’पासून ‘गूळ’पर्यंत जायचंय. मग ऊस, कस, कळ, गूळ. झालं. माणसाला यात गंमत वाटते, आणि दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला हेच काम संगणकाकडून करून घे म्हटलं की त्याच्या नाकी नऊ येतात. म्हणून दर वर्षी मी पहिलं काम हेच द्यायची.

शिडीला रंगीत चित्रं नाहीत, बटणं नाहीत, माऊसचा उपयोग नाही. काळा पडदा, त्यावर लुकलुकणारी एक रेघ. तिथे ‘शिडी ऊस गूळ’ असं टाइप करायचं, एंटर दाबायचं, की खाली उत्तर उमटतं. मुलांना हा काळा पडदा अजिबात आवडायचा नाही. मोबाइलवर बोट फिरवायची सवय असलेली पोरं त्याच्याकडे अशी बघायची, जणू मी त्यांना जात्यावर बसवलंय. मला मात्र तो आवडायचा. तिथे नटूनथटून काही लपवता येत नाही. विचारलं तेवढं सांगायचं, असा त्याचा स्वभाव.

त्यात मराठीचे लाड वेगळे. संगणकाला ‘गूळ’ हा दोन अक्षरांचा शब्द दिसतच नाही. त्याला आधी ग दिसतो, मग सुटा उकार, मग ळ. मुलं हे विसरतात, आणि त्यांचा प्रोग्राम अख्खं अक्षर बदलायच्या ऐवजी नुसता उकारच उचलून दुसरीकडे ठेवतो. मग पडद्यावर ठिपक्यांच्या वर्तुळाला लोंबकळणारा एखादा उकार दिसतो आणि वर्ग खिदळायला लागतो. शिवाय आमच्या त्या काळ्या पडद्यावर जोडाक्षरं कधी धड दिसली नाहीत. एक तर एकमेकांच्या अंगावर चढायची, नाहीतर फुटून लांब उभी राहायची. ही जोडाक्षरांची खोड लक्षात ठेवा, पुढे तिच्यामुळे बरंच रामायण घडणार आहे.

आता शिडी वाट कशी शोधते ते सांगते. मी इथून जवळच्याच चांदे गावची. आज तिथे हिंजवडीच्या कंपन्यांतली मुलं खोल्या घेऊन राहतात, पण माझ्या लहानपणी सगळी भाताची खाचरं होती. आमची स्वतःची जमीन नव्हती. आईवडील दुसऱ्यांच्या खाचरांत लावणीला जायचे आणि मी बांधावर बसून पाणी बघायची. वरचं खाचर भरलं की पाणी बांधावरून त्याला लागून असलेल्या सगळ्या खाचरांत एकदमच उतरायचं. ती भरली की त्यांच्या शेजारच्यांत. एखाद्या लांबच्या खाचरात पाणी पहिल्यांदा पोचलं, तर ते सगळ्यांत जवळच्या वाटेनेच आलेलं असणार. शिडी तेच करते. आधी ‘ऊस’च्या शेजारचे सगळे शब्द भिजवते, मग त्यांच्या शेजारचे, मग त्यांच्या. एकदा भिजलेलं खाचर पुन्हा भिजवायचं नाही, एवढं लक्षात ठेवावं लागतं. ते विसरलं की प्रोग्राम त्याच त्या शब्दांभोवती दिवसभर गरगरत बसतो.

आणि भिजण्यासारखी सगळी खाचरं भिजून झाली, तरी आपलं खाचर कोरडंच राहिलं तर? तर तिथे जायला वाटच नाही. तसं सरळ सांगायचं आणि थांबायचं. कामातला हा शेवटचा तुकडा लिहायला अगदी सोपा, एका ओळीचा. पण माझ्या नोकरीतली सगळ्यांत मोठी उलथापालथ याच ओळीवरून झाली. तिथे जाण्याआधी गुरुजींचं सांगते, कारण त्यांच्याशिवाय शिडीला शब्दच मिळाले नसते.

पौडला एक निवृत्त मराठीचे मास्तर राहायचे. सगळे त्यांना गुरुजीच म्हणत. इथल्या एका दिवाळी अंकात ते वर्षानुवर्षं शब्दकोडी द्यायचे. शिडीसाठी शब्दांचा साठा हवा म्हणून मी त्यांच्याकडे गेले आणि त्यांनी मोठ्या हौसेने तो जमवून दिला, एकेक शब्द जिभेवर घोळवून. गावांची नावं नकोत, माणसांची नकोत, ‘करून’, ‘जाऊन’ असले चालते-फिरते शब्द नकोत, असे त्यांचे कडक नियम. त्यांच्याच अंगणात बसून मी ते टाइप केले. मधूनच ते डोळे मिटून एखादा शब्द पुन्हा म्हणायचे, आणि पटला की मान हलवायचे. मग तो आत.

एका वर्षी त्यांनी अंकासाठी ऊस ते गूळ अशी शिडी रचली आणि तपासायला माझ्याकडे घेऊन आले. त्यांची शिडी अशी होती: ऊस, रस, कस, कळ, गूळ. मी प्रोग्रामला विचारलं. त्याने तत्परतेने ‘रस’ वगळून एक पायरी वाचवली. मी मोठ्या फुशारकीने गुरुजींना म्हटलं, बघा, तुमच्यापेक्षा छोटी वाट सापडली. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“रसाशिवाय गूळ?” ते म्हणाले. “बाई, तुमच्या यंत्राने गुऱ्हाळ तरी पाहिलंय का?”

अंकात त्यांनी आपलीच शिडी छापली. नियमाने माझी बरोबर होती, पण वाचकांची पत्रं त्यांना आली. गुरुजी आता नाहीत. त्यांच्यासारखं दुसरं गिऱ्हाईक मला पुन्हा मिळालं नाही याची हळहळ वाटते. मी पुढे शिडीला एक जास्तीची सोय केली. सगळ्यांत छोट्या वाटेबरोबर थोडी लांबची पण चांगली वाटही दाखव, असं सांगता येतं. त्या सोयीचं नाव मी ‘गुरुजी’ असंच ठेवलंय. मुलांना त्यामागची गोष्ट माहीत नसते, पण वापरतात सगळे.

मुलांचे प्रतापही कमी नव्हते. शब्दांचा साठा प्रयोगशाळेत सगळ्यांचा एकच असायचा. एका पठ्ठ्याने त्यात गुपचूप आपल्या आवडत्या मुलीचं नाव घालून ठेवलं. त्याला वाटलं, एवढ्या शब्दांत कोणाला दिसणार आहे? आठवडाभराने कोणीतरी सहज ‘नीट’ आणि ‘पिता’ हे दोन शब्द दिले, आणि शिडीने सगळ्यांसमोर उत्तर छापलं: नीट, नीता, पिता. नीता त्याच वर्गात, पुढच्याच बाकावर बसलेली. वर्गात जो काही गोंधळ झाला, त्यात तो मुलगा कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. पुढे त्यांचं लग्न झालं, असं म्हणायला मला आवडलं असतं. तसं काही झालं नाही. नीताने त्याला बजावून शब्द काढायला लावला आणि विषय संपवला.

आता कोमलची गोष्ट. मुळशी धरणाच्या काठचं तिचं गाव. घरची मंडळी जुनी, जमीनदार. थोडी जमीन विकली, उरलेल्या जमिनीत भात, आणि शनिवार-रविवारी पुण्याहून येणाऱ्यांसाठी पाण्याकडेला बांधलेल्या खोल्या. घर एकत्र. चुलत्यांचा शब्द शेवटचा. कोमल वर्गात कधी हात वर करायची नाही. खिडकीजवळच्या मशीनवर बसायची आणि लिहिलेलं पुसून पुन्हा लिहायची. हुशारीचा भपका नव्हता, पण चिकाटी अशी की मीच कधीकधी म्हणायची, अगं बाई, चालतंय ना, मग आता सोड की. ती सोडायची नाही.

परीक्षा जवळ आली तशी ती सुकत चालली. एकदा रिक्षाची वाट बघत उभ्या होतो, तेव्हा मी खोदून विचारलं. घरी ठरलं होतं म्हणे. या वर्षी सगळे विषय सुटले तर डिग्री पुरी करू द्यायची. एक जरी राहिला तर शिक्षण बंद आणि लग्न. थोरल्या चुलत्यांनी स्थळ पाहूनही ठेवलं होतं. ‘तू काय म्हणालीस?’ असं मी विचारलं. तिला कोणी विचारलंच नव्हतं. तिच्यापेक्षा मलाच त्या प्रॅक्टिकलची धास्ती बसली.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ती माझ्या टेबलाशी आली. वाट सापडली नाही तर पडद्यावर काय छापायचं, असा तिचा प्रश्न. मी म्हटलं, ‘वाट नाही’ असं छाप.

“येवढंच?”

“एवढंच.”

“आन् बाहेरचे सर रागावले तर?”

मी कामात होते. रागावू दे, म्हटलं, आणि पुन्हा कागदांत डोकं घातलं. असा प्रश्न तिला का पडला असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

प्रॅक्टिकलला बाहेरच्या कॉलेजातून एक परीक्षक येतात आणि आतला परीक्षक म्हणजे आपण. गुणांच्या तक्त्यावर दोघांच्या सह्या लागतात. त्या दिवशी आलेले सर शहरातले, भला माणूस, पण सकाळपासूनच्या तुकड्या बघून त्यांचे डोळे शिणले होते. दर वेळी नवे शब्द कुठून आणायचे म्हणून त्यांनी सगळ्या वर्गाला एकच जोडी दिली: ‘विद्यार्थी’ ते ‘नोकरी’. दोन्ही तीन अक्षरी. स्वतःच्या विनोदावर ते स्वतःच हसले. मी तेव्हा दुसऱ्या टोकाला एका बंद पडलेल्या मशीनशी झटत होते, त्यामुळे जोडी मी ऐकलीच नाही. ऐकली असती तर तिथेच थांबवलं असतं. ‘विद्यार्थी’मधलं कोणतंही एक अक्षर बदलून बघा. शब्द होतच नाही. ते चहूबाजूंनी बांध घातलेलं खाचर आहे.

सर एकेका मशीनपाशी जात होते, वरचा शब्द बघत होते, खालचा बघत होते आणि वहीत गुण लिहून पुढे सरकत होते. कोमलपाशी आले आणि थबकले. तिच्या पडद्यावर दोनच शब्द होते: वाट नाही.

मी पोचले तोवर त्यांनी ‘उत्तर आले नाही’ असा शेरा मारला होता. मला समजावत म्हणाले, मॅडम, अख्ख्या वर्गाला तीन पायऱ्यांत उत्तर मिळालं, हिचाच प्रोग्राम हात वर करतोय. कोमल खाली मान घालून उभी. तिच्या हाताच्या बोटांत बोटं इतकी घट्ट अडकली होती की नखं पांढरी पडली होती. मला एकदम रिक्षाची वाट बघताना तिने सांगितलेलं ते लग्नाचं आठवलं.

मी तिला विचारलं, “तुझा प्रोग्राम ‘नाही’ का म्हणतोय?”

“न्हाईच हाय, म्हनून,” ती म्हणाली. “आसती तर दिली आसती.”

“मग बाकीच्यांना कशी मिळाली?” सरांनी विचारलं.

ती गप्प. आसपासची मुलंही गप्प, आणि ती शांतता मला बरी वाटेना. दुसऱ्या वर्षाची पोरं इतकी गप्प बसतात ती फक्त काहीतरी लपवताना. मी शेजारच्या मशीनकडे वळले. पडद्यावरची जोडाक्षरं नेहमीसारखी एकमेकांवर चढून बसली होती. डोळे बारीक करून मी मधल्या पायऱ्या वाचल्या, मोठ्याने. विद्यार्थी, नोद्यार्थी, नोकर्थी, नोकरी.

सर पुढे वाकले. त्यांनीही एकदा वाचलं. “नोकर्थी म्हणजे नोकरीची इच्छा असलेला, असं काही असू शकेल का?” त्यांनी विचारलं, आणि विचारता विचारताच त्यांना हसू फुटलं. मी साठ्यात शोधून दाखवलं. गुरुजींनी असला शब्द मरेपर्यंत आत घेतला नसता.

मग सगळं बाहेर आलं. वर्गाच्या प्रतिनिधीने उभं राहून सांगितलं. कोण्या जुन्या तुकडीतल्या कोणीतरी, बाहेरच्या परीक्षकासमोर पडद्यावर ‘नाही’ दिसायला नको म्हणून, शेवटच्या ओळीच्या जागी एक पाचर मारून ठेवली होती. वाट सापडली नाही की प्रोग्रामने खालच्या शब्दाची अक्षरं एकेक करून वरच्या शब्दात घुसवायची आणि शिडी म्हणून छापायची. मधल्या पायऱ्या कोणी वाचत नाही, हे सीनियरना पक्कं ठाऊक होतं. ती पाचर पेन ड्राइव्हवरून एका तुकडीकडून दुसऱ्या तुकडीकडे, वारशासारखी चालत आली होती. सगळ्यांनी घेतली होती, एक कोमल सोडून. आणि तिने तोंड उघडलं असतं तर ती सुटली असती पण वर्ग अडकला असता, म्हणून शेरा पडत असतानाही ती बोलली नव्हती.

मला राग आला, त्याहून जास्त हसू आलं आणि सगळ्यांत जास्त अभिमान वाटला. पण सरांचा चेहरा आता कडक झाला होता. सगळ्या वर्गाला नापास करायचा त्यांना हक्क होता. मी म्हटलं, सर, आपल्या दोघांसमोर यांनी ती पाचर काढू दे, तिथे जे असायला हवं ते लिहू दे आणि पुन्हा चालवू दे. ज्याला स्वतःचा प्रोग्राम कळतो त्याला हे जमेल. ज्याला कळत नाही त्याला नापास करा, मी सही करते. सरांनी थोडा विचार केला. मग आधी कोमलच्या नावापुढचा शेरा स्वतःच्या हाताने खोडला, नवे गुण लिहिले आणि माझ्या सहीसाठी वही पुढे केली.

त्यानंतर प्रयोगशाळेत फक्त कीबोर्डचा आवाज होता. काहींना आपल्या प्रोग्राममध्ये ती पाचर नेमकी कुठे आहे हेच सापडेना. ते राहिले आणि रास्तच राहिले. बाकीच्यांच्या पडद्यांवर मात्र एकामागून एक तेच उमटत गेलं: वाट नाही. वाट नाही. वाट नाही. उत्तर न सापडल्याचा एवढा आनंद मला जन्मात झाला नसेल. जाताना सर म्हणाले, पुढच्या वेळी मधल्या पायऱ्या वाचीन. ते खरोखर वाचायला लागले, असं नंतर दुसऱ्या कॉलेजातल्या मैत्रिणीकडून कळलं.

त्या वर्षापासून माझ्या प्रयोगशाळेत रिवाजच पडला. नव्या तुकडीने प्रोग्राम लिहिला की पहिली परीक्षा याच जोडीची. शिडीने ‘वाट नाही’ म्हटलं तरच पुढचं काम.

परीक्षेनंतर कँटीनमध्ये मी कोमलला वडापाव खायला घातला आणि विचारलं, सगळ्यांनी घेतलं ते तू का नाही घेतलंस? तिने वडापाव खाली ठेवला.

“आमच्या घरात सगळी व्हयच म्हनत्यात मॅडम,” ती म्हणाली. “मनात न्हाई आन् तोंडात व्हय. आई बी तसंच, आबा बी तसंच. म्या म्हनलं, येक तरी जागा आसू दे.”

मला माझे वडील आठवले. रविवारी बुद्धविहारातून आले की ते आम्हा भावंडांना सांगायचे, पटलं न्हाई तर समोर कुनी बी असू दे, न्हाई म्हनायचं. दुसऱ्याच्या खाचरात चिखल तुडवणाऱ्या माणसाने आम्हाला ही गोष्ट फुकटात दिली होती, आणि या मुलीला ती काळ्या पडद्यावर शोधावी लागली.

निकाल लागला. कोमलचे सगळे विषय सुटले. जीव भांड्यात पडला म्हणेपर्यंत पुढची बातमी आली. थोरल्या चुलत्यांनी ठरलेलं बाजूला ठेवून पाहुण्यांना शब्द दिला होता. मुलगी शिकलीय तेवढं पुष्कळ झालं, असं त्यांचं म्हणणं. पाहुणे घरी आले, पोहे झाले, कोमलला बाहेर बोलावलं. आणि पसंतीची बोलणी सुरू व्हायच्या आत ती सगळ्यांसमोर म्हणाली, मला हे लग्न करायचं नाही. पाहुणे चहा तसाच ठेवून उठले.

हे मला तिच्याकडून नाही, तिच्या वडिलांकडून कळलं. एके दुपारी पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले. चप्पल काढू की नको, या विचारात होते. कोमलचे वडील, तिचे आबा, बबनराव. मी बसा म्हटलं, पण ते बसले नाहीत.

“मॅडम, तुमी माझ्या पोरीला काय शिकिवलं?” त्यांनी विचारलं. “पाव्हन्यांसमूर न्हाई म्हनली. इचारलं तर म्हनती, लॅबमधी शिकले.”

आवाज चढलेला नव्हता, पण राग होता. मग त्यांनी माझं गाव विचारलं. चांदे म्हटल्यावर विचारलं, चांद्यात कुठं? आमच्याकडे हा प्रश्न कशासाठी असतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. बौद्धवस्तीतली, असं मी सरळ सांगितलं. ते क्षणभर थांबले. मग मी पुढे केलेल्या खुर्चीवर बसले.

मी त्यांच्याशी वाद घातला नाही. काळा पडदा त्यांच्याकडे वळवला आणि खेळ समजावला, खाचरांच्या भाषेत, म्हणजे त्यांना माझ्यापेक्षा चांगला समजला. ऊस ते गूळ करून दाखवलं. ‘गुरुजी’ची सोय लावून रसाची वाटही दाखवली, तेव्हा ते किंचित हसले. मग ‘विद्यार्थी’ ते ‘नोकरी’ दिलं, आधी पाचरवाल्या जुन्या प्रोग्रामला. तो एक नमुना मी मुद्दाम राखून ठेवला होता. बबनरावांनी पडद्यावर बोट ठेवून, एकेक अक्षर लावत वाचलं.

“नो... द्या... र्थी. ह्ये काय?”

“खोटी पायरी,” मी म्हटलं. “लांबून शिडी दिसते. पाय ठेवला की माणूस खाली.”

मग कोमलचा प्रोग्राम लावला. तो तिने माझ्याकडे ठेवला होता. पडद्यावर दोन शब्द आले आणि रेघ लुकलुकत राहिली. मी सांगितलं, त्या दिवशी अख्ख्या वर्गात हे लिहायची हिंमत एकट्या कोमलने केली होती. नापासाचा शेरा पडत होता तरी तिने ते बदललं नाही.

बबनरावांनी ते दोन शब्दही बोट ठेवून वाचले. टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली.

“मला बी ते घर पटलं न्हवतं,” ते म्हणाले, माझ्याकडे न बघता. “पन थोरला बोलला, आन् मी व्हय म्हनलो. आजवर त्याला दुसरं काय म्हनलोच न्हाई.”

कोमल आज हिंजवडीत काम करते. दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्राम बाहेर जाण्याआधी तपासायचे, हे तिचं काम. ही बाई उठसूट नाही म्हणते, अशी तिच्याबद्दल तक्रार आहे, आणि ती तिने मला फोन करून मोठ्या आनंदाने सांगितली. निरोपाच्या दिवशी ती आली होती. पण माझ्या नोकरीतला सगळ्यांत मोठा क्षण कोणता, असं कोणी विचारलं तर मी तिचं नाव घेणार नाही. मी बबनराव आले त्या दुपारची गोष्ट सांगेन.

बबनराव उठले, टोपी खुर्चीवर ठेवली, मोबाइल काढला आणि बाहेर व्हरांड्यात गेले. दार उघडंच होतं. थोरल्या भावाला फोन लावलाय, हे पहिल्याच शब्दावरून कळलं. दादा, म्हणाले. मग पलीकडचा माणूस बोलत राहिला आणि हे ऐकत राहिले. व्हय दादा. व्हय. व्हय, तुमचं बराबर हाय. माझा हात कीबोर्डवर तसाच राहिला होता. पुन्हा, व्हय. मग ते दोन पावलं पुढे जाऊन कठड्याला टेकले.

“न्हाई दादा,” बबनराव म्हणाले. “पोरगी शिकतीय. पाव्हन्यांना मीच सांगतो.”

आत येऊन त्यांनी खुर्चीवर राहिलेली टोपी उचलली. जाता जाता दारात थांबले.

“ह्ये कोनत्या वर्साला शिकवता?”

“दुसऱ्या,” मी म्हटलं.

“मला लई उशीर झाला,” ते म्हणाले, आणि टोपी नीट बसवून जिना उतरायला लागले.